पेजेचा दंडक

'ख्रिस्तपुराण' शिकवायला घेतले की दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी हटकून विचारतो, "सर, चर्चमध्ये तो पांढरा गोल प्रसाद देतात, तो आमच्या साखरफुटाण्यांसारखाच ना?" फादर स्टीफन्सचे हे ओवीबद्ध पुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले. चारशे वर्षे झाली, तरी मराठीतला आमचा संसार अजून असा शब्दांपाशी अडतो.

प्रसाद हा शब्द मला आवडतो, पण तो पुरत नाही. प्रसाद देवापुढे ठेवून मग आपल्या हाती येतो. कॅथलिकाची श्रद्धा त्याहून अवघड आहे. धर्मगुरूने ख्रिस्ताचे शब्द उच्चारले की वेदीवरची भाकर ख्रिस्ताचे शरीर होते. रंग तोच, चव तीच, मोडली तर तशीच मोडेल. पण ती आता भाकर राहिलेली नसते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली हे काटेकोर भाषेत मांडून ठेवले. उरलेली ख्रिस्तभाकर एका छोट्या पेटीत ठेवतात आणि तिच्याजवळ अखंड दिवा तेवत असतो. त्याला मी 'नंदादीप' म्हणतो, तेव्हा वर्गातल्या पोरांच्या डोळ्यांत थोडा उजेड पडतो. ट्रेंटचे नाव काढून तो पडत नाही!

मौज अशी की ही भाकर गव्हाचीच लागते. गहू आणि पाणी. तांदूळ चालत नाही. आणि आमचा मालवणचा किनारा तर भाताचा! पेज, घावणे, आंबोळी, शिरवाळे, जिकडेतिकडे तांदळाचे राज्य. आजीच्या घरात गहू आला तर पाहुण्यासारखा. पण रविवारी जिभेवर ठेवलेली ती कागदासारखी पातळ, परमुलखातल्या धान्याची भाकर तिला कधी परकी वाटली नाही.

तिच्या तरुणपणी मिसा लॅटिनमध्ये होई. त्यातले तिला अक्षर कळत नसे. डिसेंबर १९६३ त व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट मोकळी केली. पुढच्याच वर्षी याच भाकरीच्या सन्मानार्थ मुंबईत जागतिक परिषद भरली आणि तिच्यासाठी पोप सहावे पॉल स्वतः आले. उपवासाचा नियमही तेव्हाच सैल झाला. पूर्वी मध्यरात्रीनंतर काही खायचे नाही असा दंडक होता. १९५७ त तो तीन तासांवर आला आणि नोव्हेंबर १९६४ त एका तासावर. आजीने तो एक तास काही मानला नाही. चुलीवर पेज रटरटत असायची आणि ती मिसाहून परतेपर्यंत तिला शिवत नसे. मी लहानपणी एकदा विचारले, तर म्हणाली, "जेवणाक बोलयल्यार घराकडसून पोट भरून कोण जाता रे?"

या विषयावर मी पुष्कळ वाचले आहे. पण त्या वाक्याच्या पुढे फारसा गेलो आहे असे वाटत नाही.

मार्च २०२० त टाळेबंदी आली आणि इगर्जी बंद झाल्या. मिसा मोबाइलवर आली. आई तो तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवी, गुडघे टेकी, उत्तरेही देई. कम्युनियनच्या वेळी पडद्यावरचे फादर, मनानेच ख्रिस्ताला स्वीकारा, अशी प्रार्थना सांगत. आई ती म्हणे, पण डोळे मिटून. "बघून पोट भरता काय?" एवढेच एकदा बोलली. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या पाडव्याला. शेजारी आकाशकंदील लागले होते आणि आमच्या घरात आई उपाशीपोटी चपला घालत होती.

आमच्याकडची काही बाके मात्र त्यानंतर रिकामीच राहिली. मोबाइलवरची मिसा पुष्कळांना सोयीची वाटू लागली. श्रद्धा पुन्हा जागवायची म्हणून प्रवचने होतात, शिबिरे होतात. सप्टेंबर २०२५ त संतपद मिळालेल्या कार्लो अकुतिस या इटालियन मुलाचे उदाहरण तरुणांपुढे ठेवतात. पंधराव्या वर्षी वारलेल्या या पोराने ख्रिस्तभाकरीच्या चमत्कारांची जंत्री इंटरनेटवर मांडली होती. उदाहरण ठेवावे, पोर गोड होता. पण जंत्री वाचून भूक लागते का, याची मला शंका आहे.

येत्या मे महिन्यात माझ्या धाकटीचे पहिले कम्युनियन आहे. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे तिला घडाघडा येतात. आईने तिची परीक्षा घेतलेली नाही. त्या दिवशी सकाळी पेज मिळायची नाही, एवढे मात्र आतापासून बजावून ठेवले आहे.