फटकळ केएफएस

दसऱ्याच्या तोंडावर राजारामपुरीत चक्कर मारली की दुचाकीच्या शोरूममध्ये, मोबाइलच्या दुकानात, फ्रिजच्या रांगेशेजारी मांडलेल्या फायनान्सच्या टेबलावर हा हमखास भेटतो. पूर्ण नाव की फॅक्ट स्टेटमेंट, पण सगळे केएफएसच म्हणतात. अंगानं किडकिडीत. जाडजूड कराराच्या गठ्ठ्यात तो दबलेला असतो. "काका, हितं, हितं आणि हितं सही करा," म्हणत पोरगा भराभर पानं उलटतो आणि त्यात याचंही पान उलटून जातं.

स्वभाव मात्र फटकळ. बाहेर फलकावर 'व्याज १४ टक्के' असं ठळक लिहिलेलं असतं. समजा, उतरत्या शिलकीवरच्या त्या दरानं साठ हजारांचं कर्ज बारा हप्त्यांत घेतलं. प्रोसेसिंग फीचे १,५०० आणि विम्याचे १,२०० आधीच कापून घेतले. हातात पडले ५७,३००, हप्ता मात्र पुऱ्या साठ हजारांवर, ५,३८७ रुपयांचा. फलक चौदावरच अडून बसतो. केएफएस फी आणि विमा व्याजात मिळवतो आणि चारचौघांत सांगून टाकतो: हे कर्ज तुम्हाला वर्षाला सुमारे २३ टक्क्यांनी पडतंय.

विकणाऱ्याला हे बोलणं रुचत नाही, पण त्याला वगळण्याची सोय उरलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानं १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांत तो सक्तीचा केला. क्रेडिट कार्डाच्या दारात तेवढा त्याला प्रवेश नाही.

वागायला शिस्तीचा. कर्जदाराला समजेल त्या भाषेत बोलायचं, नीट समजावल्याची पोच घ्यायची, हा त्याचा नेम. दिलेल्या शब्दावर निदान तीन कामाचे दिवस ठाम राहायचं, म्हणजे घरी नेऊन वाचायला सवड मिळते. सात दिवसांच्या आतल्या कर्जात हीच सवड एका दिवसाची. आणि सगळ्यात करारी बाणा हा: जे शुल्क माझ्या अंगावर लिहिलेलं नाही, ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढं कधीही लावायचं नाही. हप्ता चुकला तर दंड पडतो, पण एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांत तो दंड व्याजदरात मिसळता येत नाही, की त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

एवढा करारी, तरी 'याच्यावर एक पैसा नाही' असं त्याला म्हणता येत नाही. ते त्याच्या वडीलधाऱ्यांना जमायचं. दामदुप्पट हा त्यातला सगळ्यात थोरला. व्याज मुद्दलाच्या वर गेलं की हिशेब थांबवा, एवढं एकच वाक्य त्यानं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानं तेच वाक्य परवानाधारक सावकाराला पुन्हा ऐकवलं. चक्रवाढ बंद केली. वरखर्च म्हणून मुद्रांक, नोंदणी, मालकीची तपासणी असे मोजकेच खर्च मान्य केले. सरकारनं त्याच वर्षी बिगरशेती कर्जाला तारण असेल तर १५ आणि नसेल तर १८ टक्के दर ठरवला. ठुशी गहाण ठेवायला परवानाधारक सावकाराकडं गेलेल्या मावशीच्या पाठीशी असा ठोस आकडा उभा असतो. बँका आणि फायनान्स कंपन्या या कुंपणाबाहेर आहेत. रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेल्या कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

म्हणून केएफएसच्या हाती काठी नाही, जीभ तेवढी आहे. तक्रार करायची वेळ आली तर तो पहिला साक्षीदार ठरतो: कंपनीनं तीस दिवसांत दाद दिली नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालासमोर त्याचं लेखी बोलणं पुरावा म्हणून ठेवता येतं. पण त्याचा खरा उपयोग सहीच्या आधीच्या तीन दिवसांत. दोन दुकानांतले केएफएस मागून घ्या आणि शेजारीशेजारी मांडा. तेवीसवाला कोण, अठरावाला कोण, ते लगेच कळतं. कायद्यानं जिथं रेघ ओढलेली नाही तिथं ती गिऱ्हाइकानं ओढायची, आणि त्यासाठी लागणारा आकडा देऊन हा मोकळा होतो.