तोक्योतल्या आळीचे बारा महिने

मैत्रिणींनो, जपान म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? फुललेली चेरीची झाडं, वाऱ्यासारखी धावणारी आगगाडी आणि बर्फाची टोपी घातलेला फुजी पर्वत. मीसुद्धा हेच बघायच्या तयारीनं गेले होते. बघितलंही. पण तीन वर्षं तिथे संसार करून परत आल्यावर कुणी विचारलं, "काय गं, तुला तिथलं सगळ्यात काय आवडलं?" तर मी सांगते, आमच्या आळीचं मंडळ! ऐकणारीचा चेहराच पडतो. मंडळ म्हणजे वर्गणी, लाउडस्पीकर आणि रुसवेफुगवे. ते बघायला एवढं विमानाचं तिकीट काढून कशाला जायचं?

जरा धीर धरा, सांगते.

आमच्या ह्यांची बदली तोक्योला झाली ती २०१८ साली. घर मिळालं एदोगावा भागात. तोक्योच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, दोन नद्यांच्या बेचक्यात हा भाग वसला आहे. आपली बरीच मंडळी इथेच, निशिकासाई स्टेशनच्या आसपासच्या उंच इमारतींतून राहतात. त्यामुळे तूरडाळ आणि हिंग सहज मिळतं! आम्हाला मात्र मिळालं ते एका अरुंद गल्लीतलं दोन मजली भाड्याचं घर. आजूबाजूला सगळे जपानी, आणि बहुतेक साठीच्या पुढचे.

सामान लावून होत नाही तोच दारावर टकटक झाली. शेजारच्या आजी. मी मनात त्यांना आजीच म्हणत असे. तोंडावर मात्र आडनावापुढे 'सान' लावायचं. त्या मला 'ओकुसान' म्हणत, म्हणजे घरची बाई, आपल्याकडच्या 'वहिनी'सारखं. त्यांच्या हातात पुठ्ठ्याची एक फाइल होती. आत कागद: कचरा कधी न्यायचा, सभा कधी, कुठे नळाचं काम निघालंय. वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि फाइल पुढच्या घरी द्यायची. ह्या फिरत्या फाइलीचं नाव 'कैरानबान'. आणि ती फिरवणारं आळीचं मंडळ म्हणजे 'चोनाइकाइ'.

वर्गणी महिन्याला दोन-तीनशे येन, म्हणजे तिथल्या एका चहाच्या कपाएवढी. सरकारी खातं नाही, पगारी माणूस नाही. मंडळाचे दहा-पंधरा घरांचे गट पाडलेले असतात आणि दरवर्षी पाळीपाळीनं एका घराकडे गटप्रमुखपण येतं. गटप्रमुखाला म्हणतात 'हानचो'. कागदावर नाव घरच्या पुरुषाचं, काम मात्र बाईचं! हे काही तुम्हाला फोड करून सांगायला नको.

एप्रिल २०१९ मध्ये ती पाळी आमच्यावर आली. मी हादरलेच. भाषा धड येत नाही, आणि तेरा घरांची पुढारी? योगायोग असा, की त्याच महिन्यात आपले योगेंद्र पुराणिक एदोगावाच्या वॉर्ड-सभेवर निवडून आले. हे मला म्हणाले, "बघ, मराठी माणूस इथे निवडणूक जिंकतो, तुला तेरा घरं जड होतायत?" बोलायला काय जातंय! ते सकाळी सातला घर सोडत आणि रात्री दहाला परत येत.

एप्रिलमध्ये वार्षिक सभा. गेल्या वर्षीचा पैन् पैचा हिशेब छापून हातात दिला. मंचावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळे पुरुष आणि चहाच्या ट्रेमागे सगळ्या बायका. मला वाटलं, मी आपल्या सांगलीतच आहे!

मग सुरू झालं रोजचं काम, म्हणजे कचरा. हसू नका, अर्धा जपान मी कचऱ्यातून शिकले. जाळायचा कचरा आठवड्यातून दोनदा, कागद-बाटल्या-डबे एकदा, काच-पत्रा महिन्यातून दोनदा. आणि सगळं सकाळी आठच्या आत ठरलेल्या जागी. वर निळी जाळी टाकायची, नाहीतर कावळे पिशव्या फाडतात. तिथले कावळे आपल्या डोमकावळ्याहून दांडगे. गाडी गेली की जाळी घडी करून जागा झाडायची पाळी आठवड्यानं बदलते. ओला कचरा टाकण्याआधी त्यातलं पाणी पिळून काढायचं, हे मला आजींनी शिकवलं. भाजीची सालं भिजवायचीच नाहीत, कोरडी सोलायची. रात्रभर गाळणीत ठेवायची आणि सकाळी मुठीत दाबायची. पिशवी हलकी होते आणि वासही येत नाही. ही युक्ती मी इथेही सोडलेली नाही.

जूनमध्ये मात्र माझं डोकं फिरलं. मंडळानं सांगितलं, आपल्या गटातल्या घरी जा आणि यादी करा. घरात माणसं किती, एकटं कोण राहतं, जिना उतरता येत नाही असं कोण आहे, वेळ आली तर कळवायचं कुणाला. म्हटलं, दुसऱ्याच्या घरातली ही चौकशी मी परकी बाई कशी करू? आजी म्हणाल्या, "करा. मात्र कुणी नको म्हटलं तर दारातून परत या."

त्यांनी ते का सांगितलं हे पुढे कळलं. १९४० साली, युद्धाच्या काळात, सरकारनं हुकूम काढून ह्याच आळीमंडळांना जुंपलं होतं. दहाएक घरांचा गट. रेशन त्याच्यातूनच मिळायचं आणि कोण काय बोलतं ह्यावर नजरही त्याचीच. युद्ध हरल्यावर १९४७ मध्ये अमेरिकनांनी ही मंडळं बंद केली. १९५२ मध्ये त्यांचा अंमल संपला, तशी ती पुन्हा उभी राहिली. मदतीच्या यादीची पाळतीची यादी व्हायला वेळ लागत नाही, हे आजींच्या पिढीला ठाऊक होतं. आता सक्ती नाही. सभासद कधीही मंडळ सोडू शकतो, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल आहे. आमच्या तेरातलं कोपऱ्यावरचं एक तरुण जोडपं असंच बाहेर पडलं होतं. त्यांनी मला दारातूनच नमस्कार केला. मी त्यांच्या नावापुढे रेघ ओढली.

त्याच सुमाराला वॉर्डाकडून पुराचा नकाशा घरोघर आला. त्यात चक्क लिहिलं होतं, "इथे राहू नका." एदोगावाची सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. दोन्ही नद्या फुटल्या तर हा भाग आठवडा-दोन आठवडे पाण्यात राहू शकतो. मी तो कागद घडी घालून फ्रिजवर ठेवला. खरं सांगते, विसरूनही गेले.

उन्हाळ्याच्या सुटीत पहाटे मुलांना मैदानात नेणं हे हानचोचं काम. साडेसहाला रेडिओवर कवायतीचं संगीत लागतं. १९२८ पासून चाललेला कार्यक्रम आहे हा. आजोबा आणि नातवंडं शेजारी उभी राहून हातपाय हलवतात. मुलांच्या गळ्यात कार्ड, रोज त्यावर शिक्का. माझा मुलगा, घरी नऊला उठणारा, शिक्क्यासाठी सहाला तयार!

ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाचा नाच, 'बोन ओदोरी'. आपल्या पितृपक्षासारखाच पूर्वजांना बोलावण्याचा काळ, पण सुतकी नव्हे. मधे लाकडी मचाण, त्यावर ढोल आणि भोवती गोलात सगळी आळी. आम्ही बायका मागे शेवया परतत होतो, कलिंगडं कापत होतो. आणि माझ्या कमरेला फोन थरथरत होता, कारण इकडे सांगलीत कृष्णेचं पाणी चढलं होतं. तो २०१९ चा पूर तुम्हाला आठवतच असेल. माझी आई तिथे एकटी. दोन दिवस फोन लागेना. शेवटी भाऊ बोलला, "आईला गल्लीतल्या पोरांनी बोटीतून काढलं." मी कलिंगडाच्या पाटीशेजारी बसून रडले. मग तो म्हणाला, "मागच्या घरातले काका मात्र राहिले गं. अंथरुणाला खिळलेले, कुणाच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी काढलं." काका वाचले. पण ती रात्र त्यांनी कशी काढली असेल, हे माझ्या मनातून जाईना. आमची पोरं काही कमी नव्हती हो, जिवावर उदार झाली होती. त्यांच्याकडे नव्हती ती फक्त यादी.

एक सप्टेंबरला आपत्तीची कवायत. १९२३ साली ह्याच तारखेला दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना मोठा भूकंप झाला, चुली पेटलेल्या होत्या, आगी लागल्या आणि लाखाहून अधिक माणसं गेली. दरवर्षी त्या दिवसाच्या सुमाराला बादल्या हातोहात द्यायच्या, अग्निशामक नळकांडं चालवायचं, कोरडा शिजलेला भात भिजवून खायचा. गरम पाण्यात तो पंधरा मिनिटांत होतो, गार पाण्यात तासाभरानं. आधी हा सगळा खेळ वाटायचा. त्या वर्षी मी घड्याळ लावून भात भिजवला.

आणि शनिवारी, १२ ऑक्टोबरला वादळ आलं. सकाळीच वॉर्डाचा निरोप: आमच्या बाजूच्या लोकांनी घर सोडून शाळेत जावं. हे नेमके ओसाकाला. मी पोराला रेनकोट चढवला, जूनमधली यादी काढली आणि निघाले. तेरा घरं. कुणी आधीच गेलेलं, कुणी खिडक्यांना पट्ट्या चिकटवत होतं. गुडघे गेलेल्या एक बाई वरच्या मजल्यावरून म्हणाल्या, "माझं काय राहिलंय आता, मी इथेच बरी." त्यांच्या मुलीचा नंबर यादीत होता. मुलीनं फोनवर असं काही झापलं, की बाई निमूट बॅग भरू लागल्या. आम्ही दोघींनी त्यांना धरून जिना उतरवला.

कोपऱ्यावरच्या घरापुढे मी थबकले. रेघ ओढलेलं नाव! आजींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "ओकुसान, पाणी काय वर्गणीची पावती विचारून येणार आहे?" आणि त्यांनीच घंटा वाजवली. आत ती मुलगी एकटी, कडेवर तीन महिन्यांचं बाळ, नवरा कामावर अडकलेला. कुठल्या शाळेत जायचं हेही तिला माहीत नव्हतं. बाळाचं दुधाचं सामान मी घेतलं, छत्री आजींनी धरली. छत्री दोन मिनिटांत उलटी झाली ते सोडा!

रात्र वर्गात बसून काढली. संध्याकाळी भूकंपाचा एक धक्काही बसला, जणू वादळ कमी पडत होतं. नदी मात्र फुटली नाही. सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. गल्लीत पानं आणि कुणाच्या तरी कुंड्या. सगळ्यांनी झाडू काढले.

ती मुलगी मग सभासद झाली का? नाही झाली. पण पुढच्या आठवड्यात कचऱ्याची जाळी कुणीतरी माझ्याआधी घडी करून ठेवली होती. मी विचारलं नाही.

डिसेंबरच्या शेवटी रात्रीची गस्त. दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटत, "आग सांभाळा!" असं ओरडत गल्लीबोळांतून फिरायचं. थंडीनं नाक गळतंय आणि घराघरातून लोक उबदार दारं किलकिली करून "दमलात हो" म्हणतायत. जानेवारीत उखळात भात कुटून 'मोची' करायची. मुसळ मी धरलं, तेव्हा सगळ्याजणी हात बघत राहिल्या. गावाकडचा सराव!

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, सभाही कागदावरच झाली. मी हिशेब जुळवला, तेरा घरांची यादी नव्यानं लिहिली आणि पुढच्या घरी गेले. त्या घरातले आजोबा ऐंशीचे, आजी त्याहून थकलेल्या. दोघांनी वाकून फाइल घेतली. मला फार वाईट वाटलं. कारण हीच तिथली खरी अडचण आहे. माणसं म्हातारी झाली, तरुण मंडळ सोडतात, बायकाही आता नोकरीला जातात. फाइल घ्यायला हात कमी पडू लागले आहेत. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्यातून निघालेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. तरी पाळी आली की जो तो घड्याळ बघतो. त्यांना तरी काय बोलायचं? जूनमध्ये मीही कुरकुरलेच होते.

आता आम्ही सांगलीला परत आलोय. गणपतीत आमच्या गल्लीत आरास उत्तम होते, वर्गणीही भरपूर जमते. गेल्या पावसाळ्याआधी मी एक दोनशेपानी वही घेतली आणि शेजारच्या दहा घरी गेले. एकीनं विचारलं, "कशाला हवंय हो तुम्हाला?" बरोबरच होतं तिचं. मी तिला मागच्या घरातल्या काकांची गोष्ट सांगितली. तिनं चहा टाकला आणि सासूबाईंच्या गोळ्यांची नावंसुद्धा लिहून दिली. दोन घरांनी नको म्हटलं. मी दारातून परत आले.

तुम्हीही एवढं करून बघा. दहाच घरं घ्या, जास्त नकोत. एकटं कोण, जिना कुणाला उतरवत नाही, फोन कुणाला करायचा, एवढंच लिहा. कुणाच्या पैशाअडक्याचं आणि भांडणाचं काही लिहू नका. वही एकीच्याच घरी ठेवू नका, दरवर्षी पुढच्या घरी द्या. आणि ज्या घरानं नाही म्हटलं, त्याची घंटा वाजवायला वेळ आली तर विसरू नका.