लाइनवर जाऊ का?

एप्रिल उजाडला की पिंपळगाव बसवंतच्या बाजारात संध्याकाळ कांद्याच्या वासात उतरते. दिवसभर लिलाव झालेला माल खळ्यांवर निवडून गोण्यांत शिवला जातो आणि दिवे लागायच्या सुमाराला गाड्या भरायला लागतात. हमाल पाठीवर गोणी घेऊन फळीवरून चढतात, थरावर थर बसतो, मागचा फाळका लागतो, दोर आवळले जातात. काट्यावर वजन होतं, बिल्टी हातात पडते आणि ड्रायव्हर टायरांवर एकेक ठोका मारत गाडीभोवती शेवटची चक्कर घालतो. निफाड तालुक्यात वाढलेल्या कुठल्या मुलाने त्या क्षणी मनातल्या मनात केबिनमध्ये उडी मारली नसेल?

माझा पुतण्या एकवीस वर्षांचा आहे. आयटीआयला डिझेल मेकॅनिक झाला, सध्या दुसऱ्याच्या पिकअपवर बदली ड्रायव्हर म्हणून जातो. घरची शेती दोन एकर, तीही विहिरीला पाणी असेल तोवर. परवा तो म्हणाला, "काका, लाइनवर जाऊ का? कलकत्त्याच्या गाडीवर जागा आहे." त्याने मला विचारलं, कारण माझे मामा उभी हयात कलकत्त्याच्या लाइनवर होते. आता मामा नाहीत. मी स्वतः ट्रक चालवलेला नाही. मामांच्या शेजारी बसून शाळेच्या सुट्टीत एकदा त्या टोकापर्यंत गेलो आहे, आणि मामांचं बोलणं ऐकत मोठा झालो आहे. तेवढ्या शिदोरीवर त्याला जे सांगायचं ते इथे लिहितो, कारण हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरातला नाही.

त्याला भीती घालायची नाही, हे मी आधी ठरवलं. त्या रस्त्याची ओढ खरी आहे. धुळं सोडलं की जळगावकडे केळीच्या बागा येतात, मग वऱ्हाडची काळी माती लागते. नागपूर मागे पडलं की भंडाऱ्याला धानाची खाचरं पसरतात, देवरीच्या पुढे जंगल दाट होतं, बाघनदी ओलांडली की छत्तीसगड. रायपूर, सरायपाली, मग ओडिशातलं संबलपूर, देवगड, केओंझर. केओंझरच्या पट्ट्यात लोहखनिजाच्या गाड्यांनी उडवलेली लाल धूळ पापण्यांवर बसते. बहारागोड्याला झारखंडचा एक कोपरा शिवून रस्ता बंगालमध्ये शिरतो. खरगपूर आणि मग हावड्याच्या अलीकडचं धूलागड. साधारण 1,800 किलोमीटर. मामांच्या पिढीसाठी हा सगळा रस्ता म्हणजे 'सहा नंबर'. आता त्याचे तुकडे वेगवेगळ्या आकड्यांनी ओळखले जातात. अकोला-अमरावतीच्या पट्ट्याने गाड्यांचे पाटे मोडले आणि ड्रायव्हरांच्या कमरा मोडल्या. तिथेच जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी थर सलग 105 तासांच्या आसपास टाकला गेला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. मामांनी तो पाहिला असता तर गाडी थांबवून रस्त्यावर हात फिरवला असता.

मामा शाळेत फार गेले नव्हते, पण त्यांना हा देश पायाखालून माहीत होता. कुठल्या गावाच्या पाण्याने डाळ शिजत नाही, कुठला पूल धुक्यात दिसत नाही, कुठल्या वळणावर पहाटे हत्ती येतात, हे त्यांना विचारावं. हिंदी, उडिया, बांगला, तिन्हींत त्यांचं भागायचं. ज्याला घरात कोंडल्यासारखं होतं, ज्याच्या डोळ्यांना रोज नवं क्षितिज लागतं, त्याच्यासाठी हे काम आनंदाचं आहे, आणि ते तसं कबूल केल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

पण पुतण्याला वाटतं की हे काम गाडी चालवण्याचं आहे. खरं तर गाडी चालवणं त्याचा सोपा भाग. अवघड भाग माल सांभाळण्याचा आणि थांबण्याचा.

कांदा जिवंत माल आहे. तो ताडपत्रीखाली गच्च झाकला की घामेजतो, तापतो, कोंब काढतो, सडतो. म्हणून उघडीप असेल तेव्हा त्याला वारा द्यायचा आणि आभाळ भरून आलं की धावत वर चढून झाकायचा. रात्री दोन वाजता, भंडाऱ्याच्या अलीकडे, वळवाच्या पहिल्या थेंबाला केबिनमधून उतरून ओल्या गोण्यांवर चढणारा माणूस मी पाहिला आहे. मामांचं वय तेव्हा पन्नाशीकडे झुकलं होतं. दोर दातांत धरून त्यांनी ताडपत्री एकट्याने ओढली, खाली येऊन अंग पुसलं आणि काहीच न झाल्यासारखी गाडी चालू केली. व्यापाऱ्याच्या मालाला त्यांनी 'माझा कांदा' म्हटल्याचं मी कितीदा ऐकलं.

आणि थांबणं. धूलागडला पोचलं म्हणजे पोचलं असं नाही. कलकत्त्यात जड गाड्यांना दिवसा मज्जाव, पोस्ता बाजारात शिरायला रात्र व्हावी लागते. गाडी खाली झाली की परतीच्या भाड्यासाठी नंबर लावायचा. तो कधी दुसऱ्या दिवशी लागतो, कधी चार दिवस लागत नाही. त्या चार दिवसांत केबिन हेच घर, टायरच्या सावलीत स्टोव्ह, अंघोळीला पंपावरचा नळ. ज्याला वाट बघता येत नाही त्याने या धंद्यात पडू नये, असं मामा म्हणायचे.

आता हिशोब. भरलेली मोठी गाडी लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देते, म्हणजे एका बाजूलाच साडेचारशे-पाचशे लिटर डिझेल. बहुतेक ठिकाणी पगार तुटपुंजा. खरी कमाई भत्त्यातली आणि ट्रिपच्या खर्चीतून जे वाचेल त्यातली. इथेच जिवाशी गाठ आहे. वाचवायचं कशातून? डिझेलमधून. म्हणून घाट उतरताना गिअर काढून गाडी न्यूट्रलवर सोडली जाते, काही जण इंजिनच बंद करतात. गिअरमध्ये असलेलं इंजिन उतारावर गाडीला मागे ओढून धरतं. ते सुटलं की सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात. इंजिन बंद असेल तर ब्रेकसाठी लागणारी हवा भरणंही थांबतं, स्टिअरिंग जड होतं. मग जे होतं त्याला वर्तमानपत्रात 'ब्रेक फेल' म्हणतात. पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर 2022 मध्ये एका रात्री पन्नासच्या आसपास वाहनं अशीच ठोकरली गेली. ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. दोन-चार लिटर डिझेलची बचत ही. पुतण्या डिझेल मेकॅनिक आहे, त्याला हे समजावून सांगावं लागलं नाही. ते पैसे न वाचवण्याइतकं मन घट्ट आहे का, एवढंच त्याने स्वतःला विचारावं.

झोपेबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे.

मोटार वाहतूक कामगारांसाठी आपल्याकडे 1961 साली कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विसावा, असं त्यात लिहिलं होतं. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता. एक-दोन गाड्यांचे मालक कितीतरी. त्यांच्या दारापर्यंत तो पोचलाच नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनने 2020 साली देशातल्या ट्रक ड्रायव्हरांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात दिवसाचं चालवणं सरासरी बारा तासांच्या घरात निघालं, आणि थकवा किंवा झोप असतानाही आपण गाडी चालवतो, असं जवळजवळ निम्म्या ड्रायव्हरांनी कबूल केलं.

मामा सांगायचे, "डोळा लागतोय असं वाटलं, तेव्हा तो एकदा लागून गेलेला असतो." पहाटे दोन ते पाच या वेळात ते गाडी बाजूला लावत. शेठ रागावत, पण दुसऱ्या दिवशी. त्या काळी शेठला समजणार कसं? आज गाडीत जीपीएस आहे. शेठ घरी अंथरुणावर पडून मोबाइलवर बघतो की ठिपका हलत नाही, आणि फोन करतो, "गाडी का थांबली?" हा फोन त्या रस्त्यावरची सगळ्यात धोकादायक वस्तू आहे, असं मी जबाबदारीने म्हणतो. घाटाला संरक्षक भिंत बांधता येते. त्या फोनला फक्त ड्रायव्हरच अडवू शकतो.

शिवाय आता शेजारी क्लीनर नसतो. पूर्वी क्लीनर म्हणून दोन-तीन वर्षं टायर बदलत, काच पुसत, रात्री ड्रायव्हरला बोलतं ठेवत पोरं शिकायची. मोकळ्या माळावर उस्ताद पहिल्यांदा स्टिअरिंग हातात द्यायचा. खर्च वाचवायला मालकांनी क्लीनर काढला, आणि त्याबरोबर धंद्याची शाळाच बंद झाली. कायद्याने म्हणाल तर वीस वर्षं पूर्ण आणि हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जुनं हवं. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली. माझ्या पुतण्याकडे सगळं आहे. हेवी लायसन्स त्याला मिळेल. त्याने घाट उतरायला येईल असं नाही.

मामींबद्दल लिहिल्याशिवाय हा प्रश्न पुरा होत नाही. थोरल्याच्या बारशाला मामा नव्हते, धाकटीला टायफॉइड झाला तेव्हाही नव्हते. निरोप यायचा तो ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून. गाडीला उशीर झाला की मामी दिवसभर कामं करायच्या, पण जेवायच्या नाहीत. मामा आले की पहिला दिवस त्या त्यांना काहीच सांगत नसत. फक्त झोपू देत आणि पोरांना अंगणात हाकलत. मामांची मिळकत त्या बाईच्या एकटेपणातून आलेली होती, आणि मामांना हे माहीत होतं. आज व्हिडिओ कॉल आहे, फरक पडला आहे. तरी ड्रायव्हरला मुलगी द्यायला गावं अजून कचरतात. सेव्हलाइफच्या त्याच पाहणीत 84 टक्के ड्रायव्हरांनी सांगितलं की आपल्या घरातल्या कुणाला आपण हे काम सुचवणार नाही.

बऱ्याच गोष्टी सुधारल्याही आहेत, त्या मान्य करायला हव्यात. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाके उठले, 2021 पासून टोलला फास्टॅग सक्तीचा झाला, आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन बंधनकारक आहे. विदर्भाच्या मे महिन्यात इंजिनाच्या शेजारी बसलेल्या माणसाला यातलं शेवटचं केवढं मोठं आहे, ते बसल्याशिवाय कळणार नाही. पण माणूस म्हणून त्याची किंमत? जानेवारी 2024 मध्ये ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, आमच्या मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात आणि पंपांवर रांगा लागल्या. कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये, अपघातात माणूस दगावल्यावर पोलिसांना न कळवता पळून गेलेल्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. थांबलो तर जमाव मारेल, असं ड्रायव्हरांचं म्हणणं. त्यात खोटं काही नाही, आणि रस्त्यावर पडलेल्या माणसाचा हक्कही खोटा नाही. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं गेलं. प्रश्न मात्र तिथेच आहे, आणि लाइनवर जाणाऱ्याने तो आधीच मनाशी सोडवलेला बरा. मी पुतण्याला सांगितलं: पळायचं नाही; जवळच्या चौकीत जायचं, पण पळायचं नाही.

नंदुरबारच्या योगिता रघुवंशी यांचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. वाणिज्य आणि कायद्याची पदवी घेतलेली ही बाई, पती वारल्यावर दोन मुलांसाठी ट्रक चालवू लागली. वकिलीत पैसे मिळायला वर्षं लागली असती, घरात चूल त्या दिवशी पेटवायची होती. मला त्यांच्या धाडसाइतकाच त्यांच्या निर्णयाचा स्वच्छपणा भावतो. कशासाठी जायचं हे ठाऊक होतं, आणि काय सोडायचं हेही.

पुतण्याला मी जे उत्तर दिलं ते असं. लायसन्सला अर्ज करण्याआधी श्रावणात, ऐन पावसात, कलकत्त्याच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून जा. ताडपत्री ओढ, टायर बदल, परतीचा नंबर लागेपर्यंत धूलागडला पडून राहा. परत आल्यावरही मन तिकडेच ओढत असेल, तर आईला आणि पुढे जी घरात येईल तिला हे सगळं उघड सांगून जा. मालक निवडताना गाडी नवी आहे का ते नंतर बघ. आधी त्याच्या जुन्या ड्रायव्हरांना विचार, की रात्री गाडी थांबली तर हा काय बोलतो. पहाटे तीन वाजता शेठच्या फोनला "झोप आलीय, उजाडल्यावर निघतो" एवढं म्हणून फोन ठेवायची छाती असेल तर खुशाल जा. ती नसेल तर जाऊ नकोस, पिकअपच बरा.

आणि ज्यांच्या गाड्या लाइनवर आहेत अशा निफाड, लासलगाव, पिंपळगावच्या मालकांना हात जोडून एक विनंती: मोबाइलवरचा तो ठिपका रात्री थांबलेला दिसला, तर फोन करू नका. पोराला झोपू द्या.