आईचा चहा आणि एटीपी

बर्‍याच दिवसांत इथे फिरकले नाही. कारण घरच्यांना माहीतच आहे. पण मामा, आत्या, धाकटी मावशी, सगळ्यांना फोनवर तीच गोष्ट सांगूनही "अगं, पण नेमकं केलं काय त्यांनी?" हा प्रश्न उरतोच. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आईच्या छातीत धडधडायला लागलं. "पित्त असेल," म्हणत तिने चहा टाकला. (आमच्याकडे पित्तावरही चहाच!) अर्ध्या तासाने मनगट धरलं तर ठोके मोजता येईनात. दवाखान्यात मॉनिटरवर आकडा दिसला, १९०.

डॉक्टर अगदी तरुण. ईसीजी बघून म्हणाले, "हृदयातला करंट गोल गोल फिरतोय, तो क्षणभर तोडावा लागेल." आधी श्वास कोंडून जोर लावायला सांगितलं. फरक नाही. मग विचारलं, "काकू, चहा-कॉफी कधी घेतली होती?" मनात म्हटलं, ही काय वेळ आहे चौकशीची! तेवढ्यात त्यांनी नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं, अडेनोसिन.

ते ऐकून मला बारावीचं बायॉलॉजी आठवलं. अडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे एटीपी. अडेनोसिनला तीन फॉस्फेटांची शेपटी. शेवटचं फॉस्फेट सुटलं की पेशीला कामापुरती ऊर्जा मिळते आणि अन्न व श्वासाच्या जोरावर ते पुन्हा जोडलं जातं. अंगात एका वेळी फार तर शे-दोनशे ग्रॅम एटीपी असतं, पण दिवसभरात तेच इतक्या वेळा मोडतं आणि जुळतं की एकूण हिशोब जवळजवळ आपल्या वजनाइतका होतो. साठवण अशी नाहीच, हातावरचं पोट! आणि स्नायूला आवळल्यावर सैल व्हायलाही एटीपीच लागतं. बाबा गेले तेव्हा कोणीतरी हळूच म्हणालं होतं, "हात आत्ताच सरळ करून घ्या." ते का, हे मला फार नंतर कळलं.

हा रेणू १९२९ साली सापडला. जर्मनीत लोमान यांना, आणि हार्वर्डमध्ये फिस्के व आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. भीमावरमच्या या माणसाचं नाव आमच्या बाईंनी वर्गात घेतल्याचं आठवत नाही. असो. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये ड्र्यूरी आणि सेंट-ग्यॉर्गी यांना दिसलं की शेपटी नसलेलं नुसतं अडेनोसिन प्राण्यांच्या हृदयाचे ठोके मंद करतं. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये करंटचा एक नाका आहे, तो नाकाच ते काही क्षण बंद करतं. आणि चहातलं कॅफीन? ते नेमकं अडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. म्हणून ती चौकशी!

डॉक्टरांनी आईला आधीच सांगितलं, "काही सेकंद फार विचित्र वाटेल, घाबरू नका." कोपराच्या शिरेतून ६ मिलिग्रॅम झटकन आणि मागोमाग सलाईन. काहीच झालं नाही. (चहामुळेच का, हे छातीठोक सांगता येणार नाही म्हणाले. मी मात्र आईकडे डोळे वटारून बघितलं.) मग १२ मिलिग्रॅम. आईचा चेहरा लाल झाला, तिने माझा हात करकचून धरला, म्हणाली, "मी चालले गं." मॉनिटरवर सरळ रेघ. मी आकडे मोजत नव्हते, त्यामुळे किती वेळ ते विचारू नका. मग एक ठोका. थांबून दुसरा. मग ८४.

या औषधाचा अर्धा अंश दहा सेकंदांच्या आत रक्तातून नाहीसा होतो. तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी ते आत ओढून घेतात, आणि त्यातल्या काहीला परत फॉस्फेटं जोडून त्याचं एटीपी बनतं. म्हणजे ज्याने तिचं हृदय थांबवलं, त्यातलं थोडं नंतर तिच्याच कामी आलं असणार. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग एवढी सुई कशाला टोचली, आपोआप नव्हतं का होत?"

मामा, हे पुन्हा होऊ शकतं, म्हणून पुढच्या महिन्यात हृदयतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. तो करंटचा जादा रस्ता कॅथेटरने जाळून बंद करता येतो म्हणतात. आई अजून तयार नाही. चहा तीन कपांवरून दोनावर आलाय, पण कप मोठा झालाय.