भाचेबुवांची खोपोली-स्वारी

आकाशपाळणा मराठी माणसाला नवा नाही. जेथे जत्रा तेथे पाळणा, हे समीकरण आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहे. चार लाकडी पेट्यांचा, करकर वाजणारा आणि एका बलदंड गड्याने हातांनी ओढून फिरवायचा तो रहाटपाळणा आमच्या पिढीने लहानपणी पाहिला आहे. वर गेले की देवळाचा कळस हाताशी येई आणि खाली येताना पोटात गोळा! पुढे शहरांनी या हौसेला कुंपण घातले. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली 'फुलराणी' ही इवलीशी आगगाडी धावू लागली, मुंबईकरांची मुले कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात शिरली आणि १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडले. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले, तेव्हा जत्रेतल्या त्या करकरत्या पाळण्याचा वंश पार पोलादी झाला होता.

माणसाने पैसे देऊन घाबरायला जावे, ही कल्पना तशी चमत्कारिकच. पण तिला बरेच वय आहे. १८८४ साली अमेरिकेत कोनी आयलंड येथे थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने उंचवट्यांवरून घसरणारी गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी जेमतेम सहा मैल, म्हणजे आपल्या टांग्याहूनही कमी. भाडे पाच सेंट. तरी लोकांची रीघ लागली. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे चक्र उभारले. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसे मावत. थोडक्यात, एक अख्खे खेडेगाव एका वेळी आकाशात!

अशा या परंपरेचे दर्शन घ्यावे म्हणून आम्ही २०२५ च्या जानेवारीत पुण्याहून निघालो. आम्ही म्हणजे माझी धाकटी बहीण, तिचे यजमान, मी आणि मोहिमेचे सेनापती, म्हणजे आमचे अडीच वर्षांचे भाचेबुवा. गाडीत त्यांचा उत्साह ओसंडून चालला होता. प्रत्येक बोगद्यात शिरताना 'अंधाल!' आणि बाहेर पडताना 'उजेद!' अशी घोषणा होत होती.

घाट उतरून खोपोलीत शिरले की हवा बदलते. पाठीशी सह्याद्रीची भिंत आणि पुढे रायगड जिल्ह्याची सपाटी. या गावाचा नावलौकिक झाला तो पाण्याच्या उडीमुळे. लोणावळ्याच्या अंगाला टाटांनी धरणे बांधली, त्यांचे पाणी नळांवाटे घाटाखाली सोडले आणि १९१५ साली येथे वीज तयार होऊ लागली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. येथे पाणी शंभरहून अधिक वर्षे पोटासाठी कड्यावरून कोसळत आले आहे; माणसे हौसेसाठी कोसळू लागली ती अलीकडे. जवळच महडचा वरदविनायक आणि पुढे पालीचा बल्लाळेश्वर. त्यामुळे सकाळी देवाला नारळ आणि दुपारी पाळण्यात बसून पुन्हा देवाचा धावा, असा दुहेरी बेत आखणारी कुटुंबे या रस्त्यावर पुष्कळ भेटतात.

उद्यानाच्या दारातून आत पाऊल टाकले आणि आमचे सेनापती थबकले. समोर 'नायट्रो' नावाचा तो अजस्र लोखंडी रूळ होता. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटर, आणि वाटेत पाच वेळा माणसाला उलटेपालटे करण्याची सोय. शिवाय पायांखाली तळ नाही. पाय अधांतरी लोंबत राहतात. नेमकी त्याच वेळी गाडी डोक्यावरून गेली. आधी घरघर, मग माणसांची एकत्र किंकाळी. भाचेबुवांनी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि शांतपणे आपला निर्णय जाहीर केला, "घली जाऊ."

आत येऊन आम्हांला दहा मिनिटेही झाली नव्हती!

वास्तविक मोठ्या पाळण्यांचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. तेथे उंची मोजण्याच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्याखाली भरणाऱ्यांना कोणी आत घेत नाही. राजासॉरसच्या जलसफरीचेही तेच. हा राजासॉरस काही निव्वळ कल्पनेतला प्राणी नव्हे. गुजरातेत खेडा भागात सापडलेल्या हाडांवरून शास्त्रज्ञांनी २००३ साली त्याला हे नाव दिले आणि नर्मदेची आठवण म्हणून पुढे 'नर्मदेन्सिस' जोडले. आपल्याच मातीतला हा डायनासोर. पण त्याची डरकाळी ऐकताच भाचेबुवांनी माझ्या खांद्यात डोके खुपसले.

राहता राहिला तो बाळगोपाळांसाठी असलेला उडत्या हत्तींचा पाळणा. गोजिरवाणे, गुबगुबीत हत्ती. त्यांना भिण्यासारखे काय आहे? आमच्या मेहुण्यांनी मुलाला उचलले आणि ते रांगेत उभे राहिले. जसजशी रांग पुढे सरकली, तसतसे ते इवले हात बापाच्या गळ्याभोवती आवळत गेले. मूल रडत नव्हते. ते अगदी गप्प झाले होते आणि वळून वळून आईकडे पाहत होते. मागच्या एका आजोबांनी अनुभवाचे बोल ऐकवले, "बसवा हो, दोन मिनिटं रडेल आणि मग उतरायचं नाव काढणार नाही."

मेहुणे म्हणाले, "अगं, आज घाबरू दिलं तर हा जन्मभर घाबरट राहील."

बहीण म्हणाली, "आणि आज जबरदस्ती केली तर? आपण उचलून घेतलं की काय होईल याची त्याला जन्मभर धास्ती राहील. मला विचारा."

हे शेवटचे तीन शब्द मेहुण्यांना नीट कळले नसावेत, मला कळले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत ती पाच वर्षांची असताना घरातल्या एका वडीलधाऱ्याने 'पोर धीट व्हायला हवी' म्हणून तिला उचलून पाळण्याच्या पेटीत ठेवले होते. पेटी वर गेली, ती किंचाळत राहिली आणि खाली उभी असलेली मोठी माणसे हसत राहिली. त्यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. पण त्यानंतर तीस वर्षे ती कुठल्याही पाळण्यात बसली नाही, साध्या बागेतल्या झोक्यावरसुद्धा नाही.

मेहुणे क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. मग काही न बोलता रांगेतून बाहेर आले. बापाच्या खांद्यावरचे ते आवळलेले हात सैल पडलेले मला दिसले.

आमच्या महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांशी या विषयावर मी पुढे बोललो, तेव्हा त्यांनी दोन प्रयोग सांगितले. १९६० साली गिब्सन आणि वॉक या संशोधकांनी काचेचे एक टेबल घेतले. काच सगळीकडे सारखीच मजबूत. पण एका बाजूला तिच्या लगतच चौकटीचे कापड, आणि दुसऱ्या बाजूला तेच कापड खाली जमिनीवर. सहा ते चौदा महिन्यांची ३६ मुले त्यावर आळीपाळीने ठेवली. आई उथळ बाजूने बोलावी तेव्हा २७ मुले रांगत आली. खोल दिसणाऱ्या बाजूवर उतरली ती अवघी तीन. म्हणजे खोलीचे भय हा काही भित्रेपणा नव्हे. दुसरा प्रयोग १९८५ चा. त्यात खोली थोडीच ठेवली होती, जावे की न जावे असा संभ्रम पडण्याइतकी. एक वर्षाच्या मुलांनी समोरच्या आईकडे पाहिले. जिथे आईचा चेहरा प्रसन्न होता तिथे १९ पैकी १४ मुले ओलांडून गेली. जिथे आईच्या चेहऱ्यावर भीती होती, तिथे १७ पैकी एकही गेले नाही.

मूल आधी आईचा चेहरा वाचते आणि मग जग वाचते, असा याचा अर्थ. रांगेतला तो मुलगा वळून वळून काय वाचत होता, ते वेगळे सांगायला नको.

आता त्या दिवशी पुढे काय झाले ते सांगतो. फिरत फिरत आम्ही घोड्यांच्या चक्रापाशी आलो. रंगीत घोडे, दिवे, संथ संगीत. भाचेबुवा माझ्या कडेवरून टक लावून बघू लागले. पण पुढे पाऊल टाकले की पाय आखडत. तेव्हा बहीण एकाएकी म्हणाली, "दादा, तू याला घेऊन इथंच थांब. मी बसते."

मी आणि मेहुणे, दोघेही अवाक् झालो. ती आत गेली आणि तिने एक पांढरा घोडा निवडला. खांबावरची तिची बोटे किती घट्ट होती ते मला कुंपणाबाहेरून दिसत होते. चक्र फिरू लागले. पहिल्या फेरीला आई दिसेनाशी होताच कडेवरचे शरीर ताठरले. तेवढ्यात ती पलीकडून उगवली. "आई आली!" दुसऱ्या फेरीला ती ठरवून हसली, तिसऱ्या फेरीला मात्र खरीच हसत आली, केस विस्कटलेले, जत्रेतल्या पाच वर्षांच्या पोरीसारखी. प्रत्येक फेरीला भाचेबुवा 'गेली!' आणि 'आली!' असा पुकारा करीत होते. घरी पदराआड चालतो तोच हा 'कुक्' करण्याचा खेळ, फक्त मोठ्या प्रमाणावर आणि घोड्यावर बसून! फेरी संपली, तर हुकूम झाला, "आई, पुना!" आई चार वेळा बसली. एकदा बाबाही बसले. भाचेबुवा स्वतः दिवसभरात एकाही वाहनावर बसले नाहीत. पण सारे चक्र जणू आपणच चालवतो आहोत, असा त्यांचा थाट होता.

परतताना आम्ही पालीच्या रस्त्याने थोडे पुढे जाऊन चावणीजवळ उंबरखिंडीकडे वळलो. १६६१ साली येथे शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला अरण्यात कोंडले. खानासोबत माहूरची रायबाघन ही शूर स्त्री होती. पुढे जाण्यात नाश आहे, शरण जावे, असा सल्ला तिनेच खानाला दिल्याचे परमानंदांच्या 'शिवभारता'त सांगितले आहे. लढवय्यी बाई; पण कोणत्या खिंडीत हट्ट धरू नये, हे तिला उमगले होते. स्मारकापाशी उभे राहून मेहुणे हळूच म्हणाले, "आज आमच्या घरातही एक रायबाघन निघाली." बहिणीने ऐकून न ऐकल्यासारखे केले. भाचेबुवा मात्र बाबांचे बोट धरून पाण्याच्या काठी गेले आणि कोणीही न सांगता त्यांनी एक पाऊल पाण्यात टाकले, मग दुसरे.

लहान मूल घेऊन अशा ठिकाणी जाणाऱ्या कुटुंबांना माझे इतकेच सांगणे आहे. दिवस वाया गेला का, याचा हिशेब किती पाळण्यांत बसलो यावरून मांडू नये. मुलाला आधी लांबून बघू द्यावे. आवाजापासून त्याला दूर न्यावे. आणि धीर शिकवायचाच असेल तर तो आपण आधी करून दाखवावा. पुढे आठवडाभर बहिणीच्या घरी एक नवा खेळ चालला होता. उपड्या परातीवर बाहुली बसायची, परात फिरायची आणि भाचेबुवा शेजारी उकिडवे बसून तिला बजावायचे, "घाबलू नको, आई येनाल आहे."