शून्य

ज्येष्ठात आई न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला आणि आठवड्यातून दोनदा घरी येणारी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी ठरली. पहिल्याच दिवशी वही उघडून तिने विचारलं, "उद्दिष्ट काय लिहू?"

मी सांगून टाकलं, "पुन्हा पडू नये." आईला पुण्याला न्यायचं मी मनात ठरवूनच आलो होतो.

"हे तुमचं झालं. आजी, तुमचं?"

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "कार्तिकीला स्वामीच्या समाधीपुढं डोकं टेकायचंय. हा घोडा घेऊन न्हाई."

घोडा म्हणजे वॉकर.

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला दिंड्या येतात; मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून. या घरात सून म्हणून आल्यापासून आईने एकही यात्रा चुकवली नव्हती. उतरलेल्या माणसांच्या भाकरी थापायच्या आणि मग दर्शनाला जायचं, हा तिचा क्रम. त्या गर्दीत, या पायाने? मी चिडलो. मुलगी चिडली नाही.

तिने पाच ओळींची पट्टी आखली. १९६८ साली अमेरिकेत किरेसुक आणि शेरमन यांनी मानसिक आरोग्याच्या कामासाठी ही पद्धत मांडली, हे मी नंतर वाचलं. उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत. ठरवलं तेवढं जमलं की शून्य. आईची उणे दोन म्हणजे उंबऱ्याच्या आत वॉकर. शून्य म्हणजे काठी आणि एक हात धरून देवळाच्या पायऱ्या. मग रोजचं काम त्यावरून निघालं: खुर्चीतून दहा वेळा उठायचं, ओट्याला धरून उभं राहायचं, दारातली एकच पायरी चढायची-उतरायची. 'व्यायाम' म्हटलं की आई टाळायची. 'पायरी' म्हटलं की उठायची.

मी फोनवर रोज एकच विचारायचो, "पडली नाहीस ना?" ती म्हणायची, "चार झाल्या."

पौर्णिमेला गर्दीत न्यायचं नाही, एवढं माझं तिने ऐकलं. दिंडीच्या भाकरी खुर्चीत बसून थापल्या. चौथ्या दिवशी गेलो. काठी, माझा हात, मध्ये दोनदा टेकणं. डोकं टेकून उठायला तिला वेळ लागला. मी हात पुढे केला तो तिने घेतला नाही.

पुढच्या खेपेला मुलीने वहीत शून्य लिहिलं. आईने चष्मा लावून पाहिलं.

"येवढं चढले, आन् शून्य?"

मुलीने समजावलं, मीही समजावलं. तिला पटलं नाही. शेवटी मुलीने शून्य खोडून एक केला.