अनगोळ ते यल्लूरगड : थंडी, सायकल आणि मागचा माणूस

डिसेंबर लागला की आमच्या अनगोळात पहाट वेगळीच असते. भाताच्या मळण्या उरकलेल्या असतात. गल्लीत कोणीतरी पालापाचोळा पेटवून शेकत बसलेले असते. चौथ्या रेल्वे गेटाकडून येणारी गाडीची शिट्टी एरवीपेक्षा जवळून ऐकू येते. अशा वेळी शहाण्या माणसाने वाकळ डोक्यावरून ओढून घ्यावी. पण गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला मी अंगणात बसून सायकलच्या चाकात हवा भरत होतो. वय 46, पेशा प्राध्यापकाचा आणि पोट पेशाला शोभेल असे. डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवून "सर, आता हलायला पाहिजे" असे बजावले होते. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने ते मनावर घेतले आणि मला त्यांच्या सायकलवाल्या मंडळींत ओढले.

तशी सायकल मला नवी नव्हती. वडील उद्यमबागच्या एका फौंड्रीत कामाला होते. त्यांच्या काळ्या ॲटलासवर मी शाळाही केली आणि कॉलेजही. नोकरी लागल्यावर मी स्कूटर घेतली आणि ती सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली. वडील काही बोलले नाहीत. सायकल दाराबाहेर जाण्याआधी त्यांनी तिची घंटी तेवढी काढून घेतली. पुढे ॲटलासचा साहिबाबादचा कारखानाही 3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. ती बातमी वाचली तेव्हा वडील नव्हते. त्यांच्या ट्रंकेतली घंटी काढून मी नव्या सायकलला बसवली ती या पहिल्या फेरीसाठी.

सहा वाजता हरिमंदिराजवळ बाराजण जमले. बँकेतले एक गृहस्थ, रात्रपाळी नसलेली एक नर्स, उद्यमबागेत वर्कशॉप असलेले दोघे भाऊ, इंजिनिअरिंगची तीन-चार पोरे आणि परिवहन महामंडळातून निवृत्त झालेले एक बसचालक. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांची बोली कन्नड, पण रागावतात मराठीत. त्यांनी माझी सायकल हातात घेतली, टायर दाबून पाहिले, सीट बोटभर वर केली आणि म्हणाले, "सर, निधान बर्री. पळायचं न्हाई. दम लागला तर सांगायचं, लाजायचं न्हाई."

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास वर येतो. म्हणजे पहिला तास अंधाराचाच. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि डोक्यावर हेल्मेट असल्याशिवाय इथे कोणाला घेत नाहीत. पुढचा माणूस खड्डा दिसला की हाताने खूण करतो आणि ओरडतो. निम्मे "खड्डा!" म्हणतात, निम्मे "तग्ग!" आणि मागून मोटार आली की "गाडी बंतु!" ऐकू येते. दोन्ही भाषा घरात असलेल्या आपल्यासारख्यांना याचे नवल नाही. वाकायचे आणि वळायचे कोणत्या भाषेत, हा प्रश्न त्या वेळी पडतही नाही.

दुसरी शिकवण वाऱ्याची. एकटा माणूस सायकल चालवतो तेव्हा त्याची बरीचशी ताकद समोरची हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागे, बेताचे अंतर ठेवून चालवले तर निदान चौथा हिस्सा कष्ट वाचतात. म्हणून पुढचा माणूस दर थोड्या वेळाने बाजूला होतो आणि दुसरा पुढे येतो. नव्याला कोणी पुढे जाऊ देत नाही. मला वाटले, हा आपला मान राखताहेत. खरे तर ते माझ्या वाट्याचा वारा खात होते.

वडगाव मागे टाकून यल्लूर रोडला लागलो. के. एल. ई. चे हॉस्पिटल गेले आणि घरे विरळ झाली. तशी थंडी बोचू लागली. हातमोजे आणले नव्हते, बोटे लाकडासारखी झाली. पण उजाडू लागले आणि दोन्ही बाजूंचे शिवार दिसू लागले. अनगोळ, वडगाव, शहापूरचे हे शिवार म्हणजे बेळगावी बासमतीचे घर. भात निघाले की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. मसुरीची वीतभर रोपे दवाने भिजून चमकत होती. या रस्त्याने मी कारमधून शंभरदा गेलो असेन, पण काच खाली करून कधी पाहिले नाही. याच शिवारातून हलगा-मच्छे बायपासची रेघ ओढली गेली आहे. सुपीक जमीन वाचावी म्हणून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. वर्तमानपत्रात मी ते वाचत होतो. पण नेमके काय जाते आहे ते सायकलवरून दिसले.

समोरून एक माणूस जुन्या सायकलवरून शहराकडे चालला होता. हँडलला डबा, डोक्याला मफलर, पायात चप्पल. ना हेल्मेट, ना हातमोजे. आमच्याकडे बघून तो हसला. आम्ही रविवारची हौस करत होतो, तो कामावर निघाला होता. त्याच्या जागी मला वडील दिसले. ते रोज असेच जायचे आणि त्यांना दम लागतो का, हे मी कधी विचारले नव्हते.

यल्लूर गाव ओलांडले आणि गडाचा चढ सुरू झाला. राजहंसगड म्हणा की यल्लूरगड, रस्ता वरपर्यंत जातो, पण शेवटचा चढ चांगलाच उभा. पोरे भराभर वर गेली. माझा श्वास वर लागला, मांड्या पेटल्या. शेवटी मी उतरलो. शरमेने वाटले, इथूनच परत फिरावे. मागे पाहिले तर अण्णा. तेही उतरले आणि सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालू लागले.

"तुम्ही चला की पुढं, अण्णा."

"मी मागंच असतोय, सर. तीस वर्षं बस चालवली. आरशात बघून शेवटचा माणूस चढला काय न्हाई, मगच गाडी सोडायची. ती सवय हाय."

वर पोहोचलो तेव्हा सगळे थांबले होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी चिडवले नाही. नर्सबाईंनी केळ पुढे केले, एवढेच. तटावरून धुके उठताना दिसत होते. खाली यल्लूर, पलीकडे शिवार आणि त्याच्या कडेला आपले बेळगाव. 2023 साली उभारलेल्या शिवरायांच्या पुतळ्यावर पहिले ऊन पडले होते. महादेवाचे दर्शन घेऊन उतरलो आणि वाटेत गरम उप्पीट आणि चहा झाला. तेव्हा कळले की मंडळींचा एकच नियम आहे. वेग मागच्याचा, आणि मोजणी करूनच घराकडे वळायचे.

ज्यांना यायचे असेल त्यांनी हातमोजे, कानटोपी आणि पाण्याची बाटली विसरू नये. थंडीत तहान लागत नाही, पण पाणी लागतेच. चढाला हलका गिअर आधीच घालावा आणि साखर किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून निघावे. सायकल महागाचीच हवी असे नाही.

नऊच्या सुमारास गल्लीत शिरलो आणि कोपऱ्यावर सवयीने घंटी वाजवली. आई दारात येऊन उभी होती. मला बघून क्षणभर गप्प राहिली.

"तूच होय," म्हणाली. "पाणी तापवलंय. आधी हातपाय शेक."